इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमधला बोलोन्याचा रगू: कधी पाणचट, कधी तळाला लागलेला

पाटावरवंटा (प्रश्न)

कुकर ५.७ लिटरचा, १००० वॉटचा, आतलं भांडं साध्या स्टीलचं. करायचाय इटलीतल्या बोलोन्या शहराचा रगू, म्हणजे मंद शिजवलेला मांसाचा दाट सॉस, टॅल्यातेल्ले या फितीसारख्या पास्त्यावर घालतात तो. सध्याचं प्रमाण असं: मटणाचा खिमा १ किलो (रानाचा, बारीक), कांदे २, गाजर १, लसूण ८ पाकळ्या, टोमॅटो प्युरी ४०० ग्रॅम, रेड वाइन १ कप, दूध १ कप, पाणी २ कप, ओरेगानो, २ तमालपत्रं. खिमा सॉटेवर (कुकरची उघडं परतायची सेटिंग) परतायचा, मग सगळं एकत्र ढवळून हाय प्रेशरवर ४० मिनिटं आणि वेळ संपली की लगेच वाफ सोडायची.

दोन कप पाणी घातलं की खिम्याचा रस्सा होतो, पास्त्यावर घातला की ताटात ओघळतो. पाणी अर्ध्या कपावर आणलं की पाचव्या-सातव्या मिनिटाला 'बर्न' (तळ लागल्याचा इशारा) येतं आणि दाब धरतच नाही. खिमा शिजतो पण रवाळ आणि कोरडा लागतो. वर पांढरट कण तरंगतात आणि वाइनचा उग्र वास जात नाही. वेळ वाढवून किंवा कमी करून फरक पडलेला नाही. नेमकं काय बदलायचं?

---

लोखंडी कढई

वेळ बदलून फरक पडणार नाही, कारण चूक वेळेत नाहीच. दाबाखाली मांस मऊ होतं, एवढंच. उघड्या पातेल्यात तीन तास मंद शिजताना रगूत आणखी दोन गोष्टी घडतात: पाणी उडून रस आटतो आणि कडेला, तळाला थोडं थोडं खरपूस होत राहतं. झाकण बंद झालं की या दोन्ही गोष्टी थांबतात. म्हणून खरपूसपणा झाकण लावायच्या आधी आणायचा, आटवणं झाकण काढल्यावर करायचं, आणि मधली वीस मिनिटं तेवढी कुकरला द्यायची.

आधी मूळ कृती पाहा. इटलीच्या पाककला अकादमीने १९८२ साली ती बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये सुधारून पुन्हा नोंदवली. नव्या नोंदीत जाडसर दळलेलं गोमांस ४०० ग्रॅम, ताजा पँचेट्टा (डुकराच्या पोटाचं मांस) १५० ग्रॅम, कांदा, गाजर, सेलरी प्रत्येकी साधारण ६० ग्रॅम, वाइन १ ग्लास (लाल किंवा पांढरी), गाळलेला टोमॅटो २०० ग्रॅम, घट्ट टोमॅटो पेस्ट १ मोठा चमचा, ऑलिव्ह तेल ३ मोठे चमचे, लागेल तसा हलका स्टॉक, आणि हवं तर १ ग्लास दूध. लसूण नाही, ओरेगानो नाही, धुरावलेला पँचेट्टा नाही, मैदा नाही. तुमच्या प्रमाणात लसूण-ओरेगानो पाहून बोलोन्याचा माणूस वाद घालेल. चवीला वाईट लागतं असं नाही, पण मग त्याला बोलोन्याचं नाव देऊ नका.

तमालपत्राचंही तसंच. इटलीतलं लॉरेलचं पान वेगळं आणि आपलं तीन उभ्या शिरांचं तमालपत्र वेगळं. आपल्या पानाला दालचिनीकडे झुकणारा वास असतो. दाबाखाली तो मसालेभातासारखा सगळ्या सॉसभर पसरतो. काढून टाका.

तुमच्या कुकरासाठी हे प्रमाण धरा (दहा जणांना पुरतं): जाड खिमा ८०० ग्रॅम, पँचेट्टा किंवा त्याच्या जागी चरबी (याबद्दल खाली कोणी नीट लिहील तर बरं), कांदा, गाजर, सेलरी प्रत्येकी १२० ग्रॅम, टोमॅटो ४०० ग्रॅम, पेस्ट २ मोठे चमचे, ड्राय वाइन २०० मिली, बिनमिठाचा स्टॉक २५० मिली, दूध २०० मिली. नुसतं पाणी अजिबात नाही.

भाज्या हाताने बारीक चिरा, तीन मिलिमीटरच्या आसपास. मिक्सरला लावल्या तर त्यांचा पाणी सुटलेला लगदा होतो. तो परतला न जाता उकळतो आणि तळाला चिकटतो. आधी चरबी सॉटे-नॉर्मलवर वितळू द्या, मग तेल आणि भाज्या, दहा-बारा मिनिटं. कांदा पारदर्शक आणि गोडसर व्हायला हवा, बिर्याणीसारखा तपकिरी नको. भाज्या बाहेर काढून ठेवा.

आता खिमा. तुम्ही किलोभर खिमा एकदम टाकत असणार. बावीस सेंटिमीटरच्या भांड्यात किलोभर थंड मांस पडलं की ते पाणी सोडतं, आणि पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. खरपूस रंगाला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे तुम्ही खिमा परतत नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडता. सॉटे 'मोअर'वर भांडं कडक तापवा, खिम्याचे तीन भाग करा, एकेक भाग थालीपिठासारखा तळाशी थापा आणि चार-पाच मिनिटं हात लावू नका. खालची बाजू गडद तपकिरी झाली की उलटा, फोडा, काढा. तिन्ही भागांचा कण न् कण तपकिरी करायची गरज नाही. उलट तिसरा भाग जेमतेम रंग जाईपर्यंतच परता, तो मऊ राहतो. चव पहिल्या दोन भागांतून येते.

खिमा घरी आणून धुतला असेल तर हे काहीच जमणार नाही. धुवायचंच असेल तर अख्खं मांस धुवून, पुसून मग दळायला द्या.

रिकाम्या भांड्यात पेस्ट घाला आणि एक-दोन मिनिटं तेलात परता, रंग विटकरी होईपर्यंत. लगेच वाइन. आता लाकडी उलथन्याने तळाची खरवड पूर्ण सुटेपर्यंत घासा. बोट फिरवल्यासारखा तळ गुळगुळीत लागला पाहिजे. तुमच्या 'बर्न'चं अर्धं कारण इथे आहे. वाइन आटून एक तृतीयांश उरेपर्यंत उघडीच उकळा. बंद कुकरमध्ये अल्कोहोलला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तुमचा उग्र वास राहतो. परीक्षा नाकाने घ्या: वाफ झोंबायची थांबली की झालं. आणि वाइन ड्राय हवी. नाशिकची कुठलीही ड्राय रेड चालेल, पोर्ट नको, ती गोड असते.

मग स्टॉक, मांस, भाज्या घालून एकदा ढवळा. टोमॅटो सगळ्यात शेवटी, वरून, पसरून. त्यानंतर ढवळायचं नाही. झाकण, हाय प्रेशर, २० मिनिटं. संपल्यावर १५ मिनिटं तसंच राहू द्या, उरलेली वाफ मग सोडा.

झाकण काढल्यावर सॉटे-लो. दूध कोमट करून तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्ता मुरल्यावर पुढचा. वीस-पंचवीस मिनिटं उघडं आटवायचं. मीठ अगदी शेवटी, कारण आटल्यावर खारटपणा वाढतो.

पांढऱ्या कणांचं उत्तर दूधच. टोमॅटो आणि वाइनच्या आंबटपणात, त्यावर ११५ अंशांच्या पुढची उष्णता, म्हणजे दूध फाटणारच. तुम्ही पनीर करताय. फाटलेले कण तळाला बसून 'बर्न'लाही हातभार लावतात. दाब उतरल्यावर थोडं थोडं घातलेलं दूध चरबीत आणि मांसात मुरतं. बारीक कण झाले तरी आटवताना दिसेनासे होतात.

---

वाफेचं गणित

'बर्न'बद्दल थोडं जास्त. या कुकरांच्या तळाखाली तापमानाचा सेन्सर असतो. भांड्याचा तळ ठरावीक मर्यादेच्या वर गेला की यंत्र समजतं की खाली पाणी उरलेलं नाही, आणि तापवणं थांबवतं. पातळ द्रव तळाला तापून वर जातो, थंड खाली येतो, उष्णता वाहून नेली जाते. टोमॅटोची प्युरी जाड, ती जागची हलत नाही. तळाचा थर तापत राहतो, साखर करपते, आणि बाकी भांडं अजून कोमट असतानाच सेन्सर ओरडतो. म्हणून टोमॅटो वर ठेवायचा. कंपन्या किमान दीड कप, म्हणजे ३७५ मिली द्रव सांगतात तो पातळ द्रव. प्युरी त्यात मोजू नका. वरच्या प्रमाणात स्टॉक २५०, उरलेली वाइन ६०-७० आणि मांस-भाज्यांचं सुटणारं पाणी मिळून काम भागतं, कारण मांस आधी परतलं तरी दाबाखाली आणखी रस सोडतंच.

तळ स्वच्छ, टोमॅटो वर, तरी 'बर्न' येत असेल तर झाकणाची रबरी रिंग बघा. ती एका ठिकाणी वर आली असेल किंवा फ्लोट व्हॉल्व्हला (दाब आला की वर उचलली जाणारी झाकणातली छोटी खुंटी) तेलकट थर असेल तर दाब धरेपर्यंत सतत वाफ गळते आणि होतं ते पाणीही जातं. दहा-बारा मिनिटांत दाब यायला हवा. पंधरा मिनिटांनंतरही व्हॉल्व्हमधून फुसफुस चालू असेल तर थांबवा.

'बर्न' आल्यावर: बंद करा, वाफ काढा, झाकण उघडा, उलथनं तळावर फिरवा. तपकिरी थर सुटत असेल तर अर्धा कप गरम स्टॉक घालून पुन्हा सुरू करा. थर काळा असेल तर खरवडू नका; वरचं अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या, नाहीतर करपट वास सगळीकडे जाईल. पण भांडं घासल्यावरच पुढचं.

आता आटवण्याचा हिशेब, कारण यात लोकांचा धीर सुटतो. पाण्याची वाफ करायला किलोमागे सुमारे २२६० किलोजूल लागतात. १००० वॉट सगळेच्या सगळे कामी आले तरी मिनिटाला २६-२७ मिलीपेक्षा जास्त पाणी उडू शकत नाही. सॉटे-लोवर हीटर मध्ये मध्ये बंद होतो, म्हणून प्रत्यक्षात निम्मं धरा. जादा ३०० मिली उडवायचे तर पंचवीस मिनिटं लागणारच. तुमच्या जुन्या प्रमाणात दोन कप पाणी, कपभर वाइन आणि कपभर दूध, म्हणजे साडेनऊशे मिली जादा द्रव होता. तो आटवायला तासापेक्षा जास्त लागला असता. मग कुकर कशाला?

घाई असेल तर रगू २८ सेंटिमीटरच्या कढईत ओतून गॅसवर आटवा. पृष्ठभाग साधारण १.६ पट होतो, आणि आच तुमच्या हातात असते.

---

मडगावकर

मांसाविषयी कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. रवाळ खिम्याचं कारण रान. रानाचं मांस सरळ तंतूंचं, कमी चरबीचं, त्यात चिवट पडदे कमी. दाबाचा फायदा चिवट पडद्यांना होतो: त्यातलं कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं आणि सॉस ओठाला किंचित चिकटतो. रानात विरघळायला काही नसतं, म्हणून चाळीस मिनिटांत फक्त रस पिळला जातो आणि दाणे उरतात. खांदा आणि सीना निम्मे-निम्मे घ्या, आणि खाटकाला जाड जाळीतून *एकदाच* काढायला सांगा. दोनदा काढलेला बारीक खिमा कबाबाला ठीक.

बोलोन्यात गोमांसाचा पोटाकडचा जाड तंतूंचा भाग वापरतात. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलाचंही मांस मिळत नाही. म्हशीचं मिळतं आणि रगूला ते चांगलं लागतं. मात्र ते जून असू शकतं, खिम्याला पाच मिनिटं जास्त द्या. मटणाचा वास या सॉसमध्ये पुढे येतो. तो नको असेल तर ५०० ग्रॅम म्हशीचा किंवा मटणाचा खिमा आणि ३०० ग्रॅम डुकराचा, असं मिश्रण करा. इटलीतही मिश्रण चालतं.

पँचेट्टा म्हणजे डुकराच्या पोटाचा खारवलेला पण न धुरावलेला भाग. मिळाला तर ३०० ग्रॅम, बारीक चिरून. नाही मिळाला तर डुकराच्या पोटाचं ताजं मांस, कातडी काढून, तेवढंच. दुकानातलं बेकन धुरावलेलं असतं. वापरायचंच असेल तर दोन मिनिटं उकळत्या पाण्यात काढून ते पाणी फेकून द्या, म्हणजे धूर आणि मीठ दोन्ही कमी होतं, आणि मग १५० ग्रॅमच घ्या. डुक्कर खात नसाल तर मटणाची चरबी ८० ग्रॅम आणि लोणी ४० ग्रॅम. चरबी न घालता करू नका. शेवटी वर तांबूस तवंग आला पाहिजे, कोल्हापुरी कटाइतका नाही, पण दिसण्याइतका.

स्टॉकसाठी महागडे क्यूब नकोत, ते खारट असतात. दोन पाये किंवा कोंबडीचे पाय, लिटरभर पाण्यात, याच कुकरात तास-दीड तास, बिनमिठाचे, बिनमसाल्याचे. गाळून फ्रिजमध्ये ठेवला की थरथरतो. असा २५० मिली स्टॉक पडला की रानाच्या खिम्यालाही थोडा जीव येतो.

---

पाटावरवंटा

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. चार शंका आहेत. वाइन पूर्ण वगळायची असेल तर? ताजे टोमॅटो चालतील का, आणि सेलरी मिळाली नाही तर? लगेच वाफ सोडण्यात नेमकं काय बिघडतं? आणि २० मिनिटं खरंच पुरतात? आपल्याकडे मटण म्हटलं की पाच-सहा शिट्ट्यांखाली कोणी बोलत नाही.

---

लोखंडी कढई

वाइन वगळली तर तेवढाच स्टॉक नको, १०० मिली पुरे. तळ सोडवायला द्रव लागतो, आटवायला नाही. आंबटपणा टोमॅटोत आहे. द्राक्षाचा रस घालायचा सल्ला कुठे दिसला तर दुर्लक्ष करा, सॉस गोडमिट्ट होतो.

ताजे टोमॅटो चालतात, पण आपल्याकडचे गावठी आंबट आणि हायब्रिड पाणचट. लंबगोल, गराचे घ्या, ७००-८०० ग्रॅम, अर्धे करून किसणीवर किसा, साल हातात राहील. तो गर वेगळ्या पातेल्यात आटवून ४०० ग्रॅमवर आणा आणि मगच कुकरात घाला. डबाबंद इटालियन टोमॅटो असतील तर हाताने कुस्करा. केचप नको, त्यात साखर आणि व्हिनेगर दोन्ही असतं.

सेलरी नसेल तर तिच्याशिवाय करा आणि गाजर ३० ग्रॅम वाढवा. कोथिंबिरीचे देठ हा तिला पर्याय नाही. वास थेट आपल्या खिम्यावर जातो.

२० मिनिटं म्हणजे दाब आल्यानंतरची. दाब यायला बारा, २० मिनिटं शिजणं, पंधरा मिनिटं आपोआप उतरणं आणि पंचवीस मिनिटं आटवणं. मांस एकूण सव्वा तास गरम असतं. खिम्याचा दाणा पाच-सहा मिलिमीटरचा, मटणाच्या फोडीएवढा नाही.

---

वाफेचं गणित

लगेच वाफ सोडण्याबद्दल. बंद कुकरात रस ११५ ते ११७ अंशांवर असतो आणि दाबामुळे उकळत नसतो. दाब एकदम काढला की तोच रस शंभराच्या वर असल्यामुळे सगळीकडून एकदम खदखदतो. मांसाच्या आतलं पाणीही वाफ होऊन बाहेर पडतं, दाणा कोरडा होतो. जाड सॉस उसळून व्हॉल्व्हमध्ये शिरतो, लाल शिंतोडे ओट्यावर येतात, आणि पुढच्या वेळी फ्लोट अडकतो. पंधरा मिनिटांनी उरलेली वाफ सोडायला हरकत नाही. झाकणाच्या आत व्हॉल्व्हवर जाळीची टोपी असते, ती प्रत्येक वेळी काढून धुवा.

शिट्ट्यांशी तुलना नीट बसत नाही. शिट्टी हे वेळेचं माप नाही. आच मोठी असेल तर पाच शिट्ट्या सहा मिनिटांत होतील, बारीक असेल तर वीस मिनिटांत. शिवाय आपला गॅसवरचा कुकर साधारण १५ पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) चालतो, म्हणजे १२० अंशांच्या आसपास. इलेक्ट्रिक कुकर हाय प्रेशरवरही बहुधा १० ते १२ पीएसआयलाच थांबतो. गॅसवरच्या कुकरच्या पाककृतीची वेळ इथे सव्वापट करावी लागते.

---

आंबटचुका

गॅसवरच्या शिट्टीच्या कुकरात हेच होईल का? इलेक्ट्रिक घेतलेला नाही.

---

वाफेचं गणित

होईल. शिट्टीबरोबर वाफ जाते म्हणून स्टॉक ७५ मिली जास्त, पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, १५ मिनिटं, आणि मग कुकर आपोआप उतरू द्या. तळाला लागायचा धोका इथे जास्त आहे, कारण सेन्सर नाही. करपलं तर ते वासावरूनच कळतं. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरात टोमॅटो-वाइन थेट घालू नका, आंबट पदार्थाला धातूची चव लागते.

दोन्ही कुकरांना चालणारा खात्रीचा उपाय म्हणजे डबा. कुकरच्या तळाला दोन कप पाणी, त्यावर जाळी किंवा स्टँड, त्यावर स्टीलचा डबा. परतलेलं मांस, भाज्या, टोमॅटो सगळं डब्यात, स्टॉक फक्त १०० मिली, वर झाकण. वरणभात लावतो तसंच. तळ लागण्याचा प्रश्नच उरत नाही, ढवळून घातलं तरी चालतं, आणि सॉस मुळातच दाट येतो, आटवायला दहा मिनिटं पुरतात. उष्णता आत पोचायला वेळ लागतो म्हणून दहा मिनिटं वाढवा. ५.७ लिटरच्या कुकरात दीड-दोन लिटरचा डबा बसतो, तेव्हा वरचं प्रमाण निम्मं करा.

---

रविवारचं जेवण

माझं मत जरा वेगळं आहे. कुकर आहे तर खिमा वापरूच नका. खिमा दाबाखाली घालून वाचतो तो तासभर. फोडी घालून तीन तास वाचतात. खांद्याच्या तीन सेंटिमीटरच्या फोडी करा, ८०० ग्रॅम. दोनच बाजूंनी कडक तपकिरी करा. फोडी थोड्या आणि मोठ्या असल्याने पाणी कमी सुटतं आणि रंग लवकर येतो. बाकी सगळं वरीलप्रमाणे. मटण असेल तर ३५ मिनिटं, म्हशीचं असेल तर ४५ ते ५०. उतरल्यावर फोडी बाहेर काढून पाटावर सुरीने जाडसर चिरा किंवा काट्याने मोडा, परत रसात घाला आणि आटवा. दाणा कुठेच रवाळ लागत नाही, तंतू रस धरून ठेवतात. बोलोन्याच्या नव्या नोंदीतही सुरीने चिरलेलं मांस चालतं.

आणि कुकरसाठी खरा जन्मलेला रगू बोलोन्याचा नाहीच, नेपल्सचा आहे. तिथे मांस अख्खं शिजतं. गोमांसाचे मोठे तुकडे, डुकराच्या बरगड्या, आत लसूण-पार्स्ली-चीज भरून दोऱ्याने बांधलेल्या गुंडाळ्या, आणि भरपूर टोमॅटो. परंपरेने चूल इतकी मंद ठेवतात की पृष्ठभागावर मधूनच एखादा बुडबुडा फुटतो; त्या आवाजाला नेपल्सच्या बोलीत 'पिप्पियारे' म्हणतात. लाल झालेला सॉस पास्त्यावर, मांस वेगळं, जेवणाचा दुसरा पदार्थ म्हणून. कुकरात: मांस १.२ किलो मोठ्या तुकड्यांत, कांदे २, पेस्ट ३ मोठे चमचे, वाइन २०० मिली आटवून, स्टॉक ३०० मिली, वर कुस्करलेले टोमॅटो ८०० ग्रॅम, ५० मिनिटं. मांस काढून ठेवून सॉस निम्मा होईपर्यंत आटवा. इथे लसूण चालतो.

---

लोखंडी कढई

फोडींबद्दल पूर्ण सहमत, खिम्याच्या बाजूने एवढंच की तो चमच्याला आणि पास्त्याला सारखा लागतो, आणि लझान्यात थर सरळ बसतात. लझान्या करायची असेल तर खिमाच घ्या. नेपल्सच्या रगूला मात्र ८०० ग्रॅम टोमॅटो म्हणजे 'बर्न'चं आमंत्रणच. त्यात मांसाचे तुकडे तळाशी असे बसवा की टोमॅटो त्यांच्या फटींतून लगेच खाली उतरणार नाही.

रानाचाच खिमा हाती असेल तर एक युक्ती: ५०० ग्रॅमला पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा एका मोठ्या चमचा पाण्यात विरघळवून चोळा, १५ मिनिटं ठेवा. मांस पाणी कमी सोडतं आणि तपकिरी लवकर होतं. त्यापेक्षा जास्त घातलात तर साबणासारखी चव येते.

---

मडगावकर

पास्त्याचं राहिलं. बोलोन्यात हा रगू स्पॅगेटीवर घालत नाहीत. गोल गुळगुळीत दोरीवरून मांस निसटून ताटाच्या तळाला बसतं. अंड्याची टॅल्यातेल्ले घेतात. तिची रुंदीही तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये १९७२ मध्ये नोंदवलेली आहे: शिजल्यावर ८ मिलिमीटर, बोलोन्यातल्याच असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. त्या गावाला नोंदी करायची हौसच आहे! इथे टॅल्यातेल्ले मिळाली नाही तर रेषा असलेली रिगातोनी किंवा पेन्ने घ्या. सुका पास्ता १०० ग्रॅमला रगू १००-१२० ग्रॅम, जास्त नको. पाण्यात लिटरला १० ग्रॅम मीठ. पास्ता पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढून, त्याच्या पाण्याच्या अर्ध्या वाटीसह रगूत टाका आणि मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं उलटसुलट करा. ताटात पास्ता आणि वर सॉसचा ढीग, हे चुकीचं. पार्मिजानो चीज आच बंद केल्यावर.

---

पाटावरवंटा

आधी डब्याची पद्धत, मग खांद्याच्या फोडी करून बघते. शेवटचं: दहा जणांचा करून ठेवला तर किती टिकेल? आणि कुकरच्या रबरी रिंगला वास बसतो, त्याचं काय करायचं?

---

वाफेचं गणित

'कीप वॉर्म'वर रात्रभर ठेवू नका, कडा काळवंडतात आणि तळ परत धरतो. पसरट डब्यांत दोन इंचांपेक्षा कमी थराने ओता, निववा आणि आच बंद केल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन-चार दिवस चांगला राहतो, दुसऱ्या दिवशी तर जास्त चांगला लागतो. फ्रीझरमध्ये तीन महिने. ३००-३०० ग्रॅमच्या पिशव्या चपट्या करून गोठवा, वितळायला सोप्या. गरम करताना दोन चमचे पाणी घाला आणि चांगली उकळी येऊ द्या.

रिंग सिलिकॉनची असते, तिला बसलेला वास घासून पूर्ण जात नाही. दुसरी रिंग आणा, वेगळ्या रंगाची मिळते. एक मांसाला, एक खिरीला आणि दह्याला.